न पाहिलेल्या सिनेमाचं रडू

1998 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या थिएटरांत एक गंमत चालू होती. ब्रॅड पिट आणि अँथनी हॉपकिन्सचा 'मीट जो ब्लॅक' हा जवळजवळ तीन तासांचा चित्रपट लागला होता. लोक रांगेत उभे राहून पूर्ण पैशांचं तिकीट काढायचे, आत जाऊन बसायचे, आणि मुख्य चित्रपट सुरू झाला की त्यांतले बरेचसे उठून बाहेर पडायचे. त्यांना जे बघायचं होतं ते बघून झालेलं असायचं. पुढच्या वर्षी येणाऱ्या 'स्टार वॉर्स: द फँटम मेनेस'चा दोन-सव्वादोन मिनिटांचा टीझर त्या चित्रपटाच्या आधी दाखवत होते. 'द सीज' आणि 'द वॉटरबॉय' या दोन चित्रपटांच्या वाट्यालाही हेच भाग्य आलं. तिकीटबारीवर त्यांची नावं घेतली जात होती, पण गर्दी दुसऱ्याचीच होती.

आता यात नेमकं काय विकत घेतलं गेलं? गोष्ट नाही, कारण टीझरमध्ये गोष्ट नसते. अभिनय नाही, कारण एकेका दृश्याच्या दीड-दोन सेकंदांत अभिनय काय कळणार? जी वस्तू अजून तयारही झाली नव्हती तिची चाहूल त्या लोकांनी विकत घेतली. जाहिरात बघण्यासाठी माणसं पैसे मोजतात ही गोष्ट अर्थशास्त्राच्या कोणत्या खान्यात बसवायची ते मला अजून समजलेलं नाही. पण मेंदूच्या शास्त्राकडे तिच्याबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे, आणि ते चित्रपटाइतकंच थरारक आहे.

त्यासाठी 1998 सोडून 2015 मध्ये जाऊ. 16 एप्रिल, कॅलिफोर्नियातलं अनाहाइम, 'स्टार वॉर्स'च्या चाहत्यांचा मेळा. रात्रभर रांगेत काढलेले हजारो लोक सभागृहात बसले आहेत, आणि जगभर कितीतरी जण तोच कार्यक्रम पडद्यावर थेट बघत आहेत. दिग्दर्शक जे. जे. एब्रम्स मंचावर आहे. 'द फोर्स अवेकन्स'चा दुसरा टीझर सुरू होतो. एका वाळवंटात एक छोटं वाहन भरधाव चाललेलं दिसतं. कॅमेरा सावकाश सरकतो, आणि वाहनामागे जो डोंगर वाटत होता तो डोंगर नसून वाळूत नाक खुपसून पडलेलं एक अवाढव्य युद्धयान आहे हे लक्षात येतं. जुन्या चित्रपटांत याच जातीची यानं पडदाभर पसरून दहशत घालायची. आता ते भंगार झालं आहे. वर जुन्या चित्रपटांचा नायक ल्यूक स्कायवॉकर याचा आवाज चालू आहे, 1983 च्या चित्रपटात बहिणीशी बोलतानाचा. मग वितळलेलं काळं शिरस्त्राण दिसतं. एक धातूचा हात छोट्या यंत्रमानवाच्या डोक्यावर टेकतो. विमानं, पाठलाग, आणि मग पडदा काळा. त्या काळोखात एक घोगरा, म्हातारा आवाज येतो: "च्युई, आपण घरी आलो." पडदा उजळतो आणि समोर पांढऱ्या केसांचा हान सोलो उभा असतो, शेजारी त्याचा केसाळ दोस्त च्युबॅका.

सभागृहात जे झालं त्याला आरडाओरडा म्हणणं कमी पडेल. चाळिशीतली माणसं तोंडावर हात ठेवून रडत होती. डिस्नेने जाहीर केलं की पहिल्या 24 तासांत हा टीझर 8 कोटी 80 लाख वेळा पाहिला गेला. आणि लोक तो बघून थांबले नाहीत. तो बघतानाचा स्वतःचा चेहरा त्यांनी चित्रित केला, आणि मग इतरांनी त्या चेहऱ्यांचे व्हिडिओ बघितले. म्हणजे जाहिरात बघणाऱ्याला बघणं हीसुद्धा करमणूक झाली.

हिशोब करून बघा. हान सोलो त्याआधी नव्या चित्रपटात शेवटचा दिसला होता 1983 मध्ये, 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये. मधे 32 वर्षं गेली. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर 2015 मध्ये 42 वर्षांचं होतं. नोकरी, हप्ते, कदाचित स्वतःचं दहा वर्षांचं मूल. हान सोलो साकारणारा हॅरिसन फोर्ड स्वतः 72 वर्षांचा होता. महिनाभरापूर्वीच, मार्चमध्ये, त्याचं छोटं विमान कॅलिफोर्नियातल्या एका गोल्फच्या मैदानावर कोसळून तो जखमी झाला होता. म्हणजे त्या काळोखातून आलेला आवाज ऐकताना 'हा माणूस अजून आहे' हा सुटकेचा निःश्वासही त्यात मिसळलेला होता. माणसाच्या आठवणींत साधारण दहा ते तीस या वयातल्या गोष्टी सर्वांत ठळक राहतात, असं स्मरणशक्तीचा अभ्यास करणारे सांगतात. एब्रम्सचा बाण नेमका तिथे लागला. पडद्यावर म्हातारा झालेला नायक होता, पण बघणाऱ्याला दिसलं ते स्वतःचं गेलेलं वय.

हे माझं भावुक अनुमान आहे असं कुणी म्हणेल. पण त्याच आठवड्यात कुणा चाहत्याने एक खट्याळपणा केला. क्रिस्टोफर नोलनच्या 'इंटरस्टेलर'मध्ये एक प्रसंग आहे. अंतराळवीर कूपर एका ग्रहावर काही तास घालवून परततो. तिथला एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं, त्यामुळे तो परत येईपर्यंत घरी 23 वर्षं उलटलेली असतात. तो साठलेले निरोप लावतो आणि पडद्यावर आपली मुलं मोठी होताना बघत ढसाढसा रडतो. चाहत्याने फक्त पडद्यावरचं चित्र बदललं. मुलांच्या निरोपांच्या जागी 'स्टार वॉर्स'चा टीझर बसवला. कूपर झालेला मॅथ्यू मॅकॉनहे हान सोलोला बघून हुंदके देतो आहे! जग हसलं, व्हिडिओ वाऱ्यासारखा पसरला. पण विनोद इतका चपखल बसला याचं कारण दोन्ही रडणी मुळात एकाच जातीची होती. आपण दुसरीकडे गुंतलेलो असताना इकडे काळ निघून गेला, याचा पुरावा अचानक समोर आला की माणसाचं जे होतं तेच कूपरचं होतं, आणि तेच अनाहाइममधल्या लोकांचं झालं.

ट्रेलर पडद्यावर जितका असतो त्याहून जास्त बघणाऱ्याच्या डोक्यात आधीपासून साठलेला असतो, हे समजून घ्यायला याच चित्रपटमालिकेचा पहिलावहिला टीझर बघावा. 1976 च्या नाताळच्या सुमारास तो थिएटरांत लागला. त्यात ल्यूक होता, त्याची बहीण लेआ होती, तरुण हान सोलो होता, च्युबॅका होता, सगळा सरंजाम होता. पण जॉन विल्यम्सचं संगीत नव्हतं. असणार कसं? लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर त्याचं ध्वनिमुद्रण झालं 1977 च्या मार्चमध्ये. दृश्यांवरची करामत पुरी झालेली नव्हती. आणि मुख्य म्हणजे हे कोण लोक आहेत ते बहुतेक कुणालाच माहीत नव्हतं. च्युबॅका तेव्हा कुणाचाच दोस्त नव्हता, केसाळ वेशातला एक उंच माणूस होता. थिएटरमालकांना या चित्रपटाचा इतका कमी भरवसा होता की, ज्यांना 'द अदर साइड ऑफ मिडनाइट' हा खात्रीचा वाटणारा चित्रपट हवा असेल त्यांनी 'स्टार वॉर्स'ही घ्यावा, अशी अट फॉक्स कंपनीला घालावी लागली. 25 मे 1977 ला तो जेमतेम 32 थिएटरांत लागला. तीच पात्रं, तशीच यानं. 1976 मध्ये ती बघून कुणाच्या डोळ्यांत पाणी येण्याचं काही कारणच नव्हतं. 2015 मध्ये एक वाक्य पुरलं.

आता असे टीझर बघताना अंगावर येणाऱ्या काट्याकडे येऊ. केसाच्या प्रत्येक मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. तो आखडला की केस उभा राहतो आणि भोवतीची त्वचा फुगून टिपका दिसतो. या स्नायूवर आपली हुकूमत चालत नाही. थंडी वाजली किंवा भीती वाटली की मज्जासंस्थेचा आपोआप चालणारा भाग त्याला हुकूम देतो. आपल्या केसाळ पूर्वजांना याचा उपयोग होता: थंडीत फुगलेल्या केसांत ऊब टिकायची, आणि शत्रूसमोर अंग मोठं दिसायचं. आपले केस गेले, यंत्रणा मात्र राहिली. आणि उत्क्रांतीच्या कुठल्या वळणावर कोण जाणे, ती संगीताला जोडली गेली. शत्रू नाही, थंडी नाही, वातानुकूलित थिएटरात मऊ खुर्चीत माणूस बसलेला आहे, आणि तुतारीसारखं एखादं वाद्य ओळखीची धून काढतं तशी लाखो वर्षांपूर्वीची ही शिबंदी हत्यारं घेऊन उभी राहते.

कॅनडातल्या मॉन्ट्रिअलमध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये या शहाऱ्यांचा माग काढला. व्हॅलरी सालिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी माणसं निवडली की ज्यांना ठरावीक संगीत ऐकलं की हमखास काटा येतो. त्यांना त्यांच्याच आवडीचं संगीत ऐकवलं आणि मेंदूत डोपामिन हे रसायन कुठे आणि केव्हा पाझरतं ते बघितलं. शहारा येण्याच्या क्षणी ते पाझरणार हे अपेक्षित होतं, आणि तसं ते पाझरलंही, मेंदूच्या खोल भागातल्या एका केंद्रात. पण त्याच्या काही सेकंद आधी, 'आता ते येणार' असं वाटत असताना, दुसरं एक केंद्र आधीच कामाला लागलेलं होतं. म्हणजे वाट बघणं हे सुखाच्या दाराबाहेर ताटकळणं नव्हे. मेंदूच्या हिशोबात वाट बघण्याचा मेहनताना वेगळा आहे आणि तो आधीच चुकता होतो.

हे वाचल्यावर मी एप्रिल 2015 चा टीझर पुन्हा लावला तो घड्याळाकडे बघत नव्हे, तर त्या काळ्या पडद्याकडे लक्ष देऊन. संकलकाने हान सोलोचा चेहरा आधी दाखवला असता तरी टाळ्या पडल्या असत्या. पण त्याने आधी अंधार ठेवला, मग आवाज ठेवला, आणि मग चेहरा. आवाज ओळखल्यापासून चेहरा दिसेपर्यंतचा तो एवढासा काळ म्हणजे मॉन्ट्रिअलच्या प्रयोगातल्या त्या आधीच कामाला लागणाऱ्या केंद्राचा काळ. ट्रेलर कापणाऱ्या मंडळींनी मेंदूविज्ञान वाचलेलं असेल असं नाही. गवयाला समेवर येण्याआधी किती ताणायचं हे जसं कळतं तसं त्यांना ते कळतं. ही मंडळी पडद्यामागेच राहतात. हॉलिवूडमध्ये फक्त ट्रेलर तयार करणाऱ्या स्वतंत्र कंपन्या आहेत, आणि अमेरिकेतल्या चित्रपटसंस्थेच्या नियमानुसार थिएटरात दाखवायचा ट्रेलर साधारण अडीच मिनिटांच्या आत बसवावा लागतो. त्या अडीच मिनिटांत काय ठेवायचं याहून काय लपवायचं हे ठरवण्यात त्यांचं आयुष्य जातं.

लपवण्यामागचं गणित 1994 मध्ये जॉर्ज लोवेनस्टीन या अभ्यासकाने मांडलं. कुतूहल कधी जागं होतं? काहीच माहीत नसतं तेव्हा नाही, आणि सगळं माहीत असतं तेव्हाही नाही. थोडं कळलं आहे आणि नेमका एक तुकडा हरवला आहे, ही जाणीव झाली की माणूस तळमळतो. आपल्याकडे मासिकांच्या कादंबऱ्या ज्यांनी हप्त्याहप्त्याने वाचल्या आहेत त्यांना पानाच्या तळाशी छापलेल्या 'क्रमशः'ने हेच शिकवलेलं आहे.

आणि हरवलेला तुकडा शोधायला चाहते काय थराला जातात! 'द फोर्स अवेकन्स'चा पहिला टीझर 28 नोव्हेंबर 2014 ला आला होता. तो 88 सेकंदांचा. सेकंदाला 24 चित्रं धरली तर साधारण 2,100 चित्रं. चाहत्यांनी ती एकेक करून थांबवून बघितली. त्यात अंधाऱ्या, बर्फाळ जंगलात एक पाठमोरी आकृती लाल प्रकाशखड्ग उपसते, आणि त्या खड्गाच्या मुठीशी दोन बाजूंना दोन छोटी आडवी पाती फुलतात. एवढंच दृश्य. पण त्यावर जे रण माजलं ते बघण्यासारखं होतं. आडवं पातंही तळपतं असेल तर ते धरणाऱ्याचं मनगट कापणार नाही का? शत्रूचं खड्ग घसरत खाली आलं तर ते आडव्या पात्यावर अडेल की पात्याच्या धातूच्या बुडाला छाटून टाकेल? लोकांनी आकृत्या काढल्या, कोन मोजले, मध्ययुगीन तलवारींची चित्रं शोधून काढली. अमेरिकन टीव्हीवरचा विनोदवीर स्टीफन कोलबेअर भर कार्यक्रमात त्या रचनेची वकिली करायला उभा राहिला. पुढे अधिकृत स्पष्टीकरण आलं ते असं: खड्गातला स्फटिक तडकलेला आहे, त्याची जास्तीची ऊर्जा बाहेर सोडायला ही बाजूची तोंडं आहेत. अस्तित्वात नसलेल्या हत्याराची झीज आणि सुरक्षा यांवर जगभर इतकी गंभीर चर्चा झाली याचं मला हसू येत नाही, हेवा वाटतो. भौतिकशास्त्राच्या वर्गात अशी चर्चा व्हायला किती शिक्षक नवस बोलतील.

त्याच टीझरमध्ये चेंडूसारख्या गोल अंगाचा, घरंगळत धावणारा एक यंत्रमानव होता. डोकं चेंडूच्या माथ्यावर, पण घरंगळताना ते पडत नाही. बहुतेकांनी ती संगणकाची करामत समजून सोडून दिली. एप्रिलमध्ये अनाहाइमच्या मंचावर तो खरोखर घरंगळत आला आणि वळून प्रेक्षकांकडे बघू लागला. डोकं चुंबकांनी धरलेलं, चालवणारा माणूस दूर. तो क्षण हान सोलोच्या तोडीचा होता असं माझं मत आहे, फक्त त्यात रडू नव्हतं, निखळ पोरकट आनंद होता. बीबी-एट हे त्याचं नावसुद्धा पहिल्या टीझरने सांगितलं नव्हतं. ते आणि रे, फिन, कायलो रेन या नव्या पात्रांची नावं दोन आठवड्यांनी, जुन्या पद्धतीच्या चित्रपत्त्यांवर छापून बाहेर सोडली गेली. म्हणजे तहानही थेंबाथेंबाने वाढवली गेली.

सगळ्या प्रतिक्रिया गोड नव्हत्या. पहिल्या टीझरचं पहिलंच दृश्य म्हणजे वाळवंटात घामाघूम, धास्तावलेला, सैनिकाचं पांढरं चिलखत घातलेला जॉन बोयेगा, बावीस वर्षांचा कृष्णवर्णीय ब्रिटिश नट. तो दिसताच काही जणांनी कुरकुर सुरू केली की हे सैनिक एकाच माणसाच्या नकला असतात, मग हा काळा कसा? या युक्तिवादाची मजा अशी की ज्या माणसाच्या नकला म्हणून ते सैनिक दाखवले होते त्याची भूमिका टेम्युएरा मॉरिसन या न्यूझीलंडच्या माओरी नटाने केली होती. गोरा तोही नव्हता. बोयेगाने चाहत्यांचे आभार मानले आणि तक्रार करणाऱ्यांना थोडक्यात कळवलं की सवय करून घ्या. दोन मिनिटांच्या चित्रफितीत लोक आपल्याला हवं ते जसं ओततात तसं आपल्या मनातलं विषही ओततात.

आणि चाहत्यांचे तर्क? त्यांतले बहुतेक सपशेल चुकले. 2015 च्या ऑक्टोबरात शेवटचा ट्रेलर आला, पोस्टर आलं, आणि दोन्हींत ल्यूक स्कायवॉकरचा चेहरा नव्हता. लगेच सिद्धान्त निघाला: काळ्या मुखवट्यामागचा कायलो रेन म्हणजे ल्यूकच! पुरावे सादर झाले, प्रतिपुरावे सादर झाले. प्रत्यक्षात ल्यूक चित्रपटाच्या अगदी शेवटी एका कड्यावर उभा दिसला आणि त्याने एक शब्दही उच्चारला नाही. ट्रेलरमध्ये निळं खड्ग फिनच्या हातात होतं, म्हणून नवा नायक तोच असं सगळ्यांनी धरून ठेवलं. खड्ग शेवटी आलं रेच्या हाती. इतकंच काय, एप्रिलच्या टीझरमधलं एक दृश्य, ज्यात एक हात दुसऱ्या हाती खड्ग सोपवतो, ते चित्रपटातून कापलंच गेलं. पुढच्या वर्षी आलेल्या याच मालिकेतल्या 'रोग वन'मध्ये तर ट्रेलरमधली इतकी दृश्यं गायब होती की ती पाठ केलेल्या चाहत्यांना चित्रपट बघताना कुणीतरी घरातलं सामान हलवल्यासारखं वाटलं असणार. ट्रेलर हा चित्रपटाचा नमुना असतो ही समजूत मी तेव्हापासून सोडून दिली आहे. ती एक स्वतंत्र कलाकृती असते, जिचा कच्चा माल एका चित्रपटातून उसना आणलेला असतो. 'द फँटम मेनेस'ने अनेक जुन्या चाहत्यांना खट्टू केलं, जरी 1999 मध्ये जगात सर्वांत जास्त कमाई त्यानेच केली. त्याचा टीझर मात्र त्या खट्टू झालेल्यांपैकी कितीतरी जणांना आजही आवडतो, आणि त्यांच्या बाजूने माझंही एक मत.

मग ट्रेलरने जास्त सांगून टाकलं तर? अलीकडची तक्रार 'प्रोजेक्ट हेल मेरी'ची. अँडी वीअरची कादंबरी, 'द मार्शन' लिहिणाराच लेखक. सूर्य मंद होत चालला आहे, आणि एक विज्ञानशिक्षक लांबवर अंतराळात एका यानात जागा होतो तेव्हा आपण कोण आणि इथे कशाला आलो हे त्याला आठवत नाही. 2025 च्या जूनअखेरीस रायन गॉसलिंगची भूमिका असलेला ट्रेलर आला आणि पुस्तक वाचलेल्यांमध्ये सरळ दोन तट पडले. कारण पुस्तकात वाचकाला बरंच पुढे गेल्यावर जो धक्का बसतो तो ट्रेलरने उघड करून टाकला होता. एक तट म्हणे, आम्हाला जे मिळालं ते नव्या प्रेक्षकाकडून हिरावलं. दुसरा म्हणे, तो धक्का हाच गोष्टीचा गाभा आहे, तो लपवून लोकांना थिएटरात बोलावणार कसं? (तो धक्का कोणता ते मी इथे लिहिणार नाही. मी पहिल्या तटातला.)

शास्त्र माझ्या बाजूने आहे असं मात्र म्हणता येत नाही. सॅन डिएगोमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी 2011 मध्ये लोकांना लघुकथा वाचायला दिल्या. काहींना शेवट आधीच सांगितला, काहींना नाही. शेवट माहीत असलेल्यांनी कथा सरासरीने जास्त आवडल्याचं सांगितलं, अगदी रहस्यकथासुद्धा. नंतरच्या काही अभ्यासांत उलट निष्कर्षही निघाले, त्यामुळे खटला चालूच आहे. पण आपल्याकडे रामाची गोष्ट माहीत नाही म्हणून कुणी कीर्तनाला जात नाही, हे लक्षात घेतलं तर लेव्हिट-क्रिस्टेनफेल्डचं म्हणणं अगदी परकं वाटू नये.

'द फोर्स अवेकन्स'ने मात्र आपलं सर्वांत मोठं गुपित तिन्ही ट्रेलरांत छातीशी धरून ठेवलं. हान सोलो या चित्रपटात मरतो. ज्याच्या घरी येण्यावर जग रडलं होतं त्याला त्याचाच मुलगा मारतो, आणि मारतो ते त्याच आडव्या पात्यांच्या लाल खड्गाने. ते खड्ग कुणाचं मनगट कापेल यावर वर्षभर आकृत्या काढणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते कुणाच्या छातीतून जाईल हा प्रश्न पडला होता. फोर्डला स्वतःला हे पात्र 1983 मध्येच मारायला हवं होतं. तसं तो उघडपणे सांगत आलेला आहे. त्याची इच्छा पुरी व्हायला 32 वर्षं लागली, आणि चाहत्यांचा आनंद आठ महिने टिकला.

अमेरिकेत चित्रपट 18 डिसेंबर 2015 ला लागला. आपल्याकडे त्या शुक्रवारी 'दिलवाले' आणि 'बाजीराव मस्तानी' यांनी पडदे व्यापले होते, म्हणून भारतात त्याला 25 डिसेंबरची तारीख मिळाली. उत्तरेत धडक मारणाऱ्या पेशव्याने हान सोलोलाही आठवडाभर वेशीबाहेर थांबवलं म्हणायचं. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईतल्या ज्या चाहत्यांना काही न कळता चित्रपट बघायचा होता, त्यांना सात दिवस फोनपासून, बातम्यांपासून आणि मुख्य म्हणजे अमेरिकेतल्या चुलतभावांपासून जपून राहावं लागलं.